आधी पाहणी, मग आराखडा

१९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र असा एकत्र विभाग काढला आणि पॅट्रिक गेडिस यांना त्याचे पहिले प्राध्यापक नेमले. पेशाने ते वनस्पतिशास्त्रज्ञ. १९१४पासून मात्र हिंदुस्थानातले एकेक शहर पायी फिरून ते त्याचा अहवाल लिहीत होते. आपल्याकडे नगररचनेच्या विद्यापीठीय शिक्षणाची गोष्ट सांगायची, तर ती या माणसापासून सांगावी लागते.

त्यांचे इंदूरचे काम दिवाळी अंकात यावे असेच आहे. प्लेगने गांजलेल्या होळकरांच्या त्या शहरात त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढवली. ती नेहमीच्या वाटेने जाणार नव्हती. ज्या रस्त्यांवरचे लोक घरे आणि अंगणे सर्वांत स्वच्छ करतील, तिथूनच ती जाईल, असे जाहीर झाले आणि घरोघर झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीरही होता. १९१८मध्ये दरबाराला दिलेल्या त्यांच्या दोन खंडांच्या अहवालात मध्य भारतासाठी विद्यापीठाची कल्पनाही आहे.

दाट वस्तीतून सरळ, रुंद रस्ता काढायचा आणि आड येतील ती घरे पाडायची, ही तेव्हाच्या अभियंत्यांची रीत. गेडिस म्हणत, आधी गल्ली पायाखाली घाला. मोडकळीला आलेली चार घरे तेवढी काढा, मोकळ्या झालेल्या जागेत झाड लावा, बाकीची वस्ती राहू द्या. खर्च कमी होतो आणि माणसे देशोधडीला लागत नाहीत.

मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये तेव्हा संस्कृतचे एम. ए. गेडिस यांच्या सांगण्यावरून त्यांनी शहर म्हणून मुंबईवर निबंध लिहिला आणि त्या बळावर ते विलायतेला गेले. १९२४मध्ये गेडिस विद्यापीठ सोडून गेल्यावर विभाग घुर्यांकडे आला आणि मुंबईतले समाजशास्त्र नावारूपाला आले. नगररचना मात्र पुढे अभियांत्रिकी आणि वास्तुकलेच्या शाळांत वाढली. माझ्या मते ही ताटातूट आपल्याला फार महागात पडली.

१९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्याआधी पाहणी करून विद्यमान जमीन वापराचा नकाशा काढावाच लागतो. म्हणजे पाहणी कायद्यात आहे. पण ती जमिनीची. विद्यार्थीही पिवळा रंग निवासाला, निळा व्यापाराला, जांभळा उद्योगाला असे शिकतो. आता हे रंग घेऊन त्याने धारावीच्या कुंभारवाड्यात जावे. राहते घर, चाक, भट्टी आणि विक्री एकमेकांना लागून. एकच रंग दिला, तर तिथल्या माणसांचे निम्मे आयुष्य नकाशातून पुसले जाते, आणि त्या नकाशावर बेतलेल्या आराखड्यात भट्टीला जागा उरत नाही.

माणसांची पाहणी कशी असते, ते घुर्यांनी दाखवले आहे. पुण्याजवळच्या लोणीकंदचा अभ्यास त्यांनी १९६०मध्ये पुस्तकरूपाने मांडला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी टॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने त्याच गावाची घरे, शेती, कर्ज टिपून ठेवले होते. घुर्यांनी त्या नोंदींशी पुढच्या सव्वाशे वर्षांचा ताळा घातला. आज लोणीकंद पुण्याच्या वाढीच्या ऐन वाटेवर, नगर रस्त्यावर आहे. नियोजनाच्या पहिल्या सत्रातला विद्यार्थी कोट्स आणि घुर्ये दोघांनाही सोबत घेऊन तिथे गेला पाहिजे, आणि संगणकावर रेघ मारण्याआधी त्याने तिसरी पाहणी लिहिली पाहिजे.