कासवाला आधी ऊन द्या

हातात मावणारं हिरवंगार पिल्लू, डोळ्यामागे लाल पट्टा. मासे विकणाऱ्या दुकानात ते दहा-वीस भावंडांबरोबर एका ट्रेमध्ये एकमेकांच्या पाठीवर चढत असतं. मुलं हट्ट धरतात. देवळात गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावून पुढे जाणाऱ्या घरांत कासव शुभच, त्यामुळे मोठ्यांचाही नकार नसतो. दुकानदार सोबत प्लॅस्टिकचं पसरट भांडं देतो, त्यात मधोमध बेट आणि त्यावर नारळाचं खोटं झाड. चौदा वर्षांपूर्वी आमच्याकडे कासव असंच आलं. ‘यातच राहतं, फार वाढत नाही,’ असं आम्हाला सांगितलं गेलं आणि आम्हाला ते खरं वाटलं. चार-पाच महिन्यांनी पाणी बदलताना मी त्याला दोन बोटांत धरलं, तर पाठीची कड अंगठ्याखाली दबली. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न खाण्याबद्दल नाही विचारला. ‘याला ऊन कुठून मिळतं?’ असं विचारलं. भांडं खिडकीत असतं, मी म्हटलं. ‘आणि काच?’ काच बंद असायची.

खरी गोम तिथे होती. कवच म्हणजे कासवाचा सांगाडाच. पाठीचा कणा आणि बरगड्या त्याला आतून एकजीव झालेल्या असतात. हाड घट्ट व्हायला कॅल्शियम लागतं, ते अंगी लागायला ड-३ जीवनसत्त्व लागतं आणि हे जीवनसत्त्व कातडीत तयार होतं ते उन्हातल्या अतिनील किरणांमुळे, त्यातही ‘यूव्हीबी’ या पट्ट्यातल्या. खिडकीची साधी काच ही किरणं जवळजवळ सगळी अडवते. काचेतून ऊब येते, उजेड येतो, पण कासवाला हवं असलेलं ऊन येत नाही. म्हणून कासवाचं घर मांडताना टाकीआधी उन्हाचा विचार करावा, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

हे कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. तिथे ते पाण्यात पडलेल्या ओंडक्यांवर तासन्‌तास ऊन खात बसतं आणि चाहूल लागली की डुबकन पाण्यात शिरतं. घरात हा ओंडका आपण करून द्यायचा. पाण्याच्या वर संपूर्ण कोरडा ओटा आणि त्यावर चढायला खरखरीत उतरण. ओटा एवढा हवा की कासवाला चारही पाय पसरून बसता यावं. कवच पूर्ण सुकलं नाही तर त्यावर बुरशी धरते, पापुद्रे कुजतात. ओट्यावर दोन दिवे लागतात. एक उष्णतेचा, साधा हॅलोजनही चालतो. त्याने बसायच्या जागी ३० ते ३२ अंश सेल्सिअस मिळायला हवं, आणि ते अंदाजाने नाही, तिथे थर्मामीटर ठेवून बघायचं. दुसरा यूव्हीबीचा, शक्यतो लांब ट्यूबचा. दिवा आणि कासव यांच्यात काच किंवा प्लॅस्टिकचं झाकण येता कामा नये, नाहीतर आमच्या खिडकीचीच गत होईल. या ट्यूबचा उजेड वर्षानुवर्षं टिकतो, पण किरणं त्याआधीच मंदावतात. मी ट्यूबवर मार्करने तारीख लिहून ठेवते आणि वर्ष भरलं की ती बदलते. दिवे दिवसाचे दहा-बारा तास चालू ठेवायचे आणि रात्री पूर्ण काळोख. हे काम टायमरवर सोडावं, आपण विसरतो.

गॅलरीतलं खरं ऊन मिळालं तर उत्तमच. सकाळी अर्धा तास पुरतो. मात्र उथळ टब उन्हात ठेवून आत निघून जायचं नाही. टबात सावलीचा कोपरा हवा, कारण कासवाला घाम येत नाही, ते तापून मरतं. वर जाळी हवी, कावळे आणि घारी पिल्लू उचलायला टपलेल्या असतात.

आता टाकी. पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं दिसणारं हे पिल्लू मादी निघालं तर कवच २५ सेंटिमीटरच्या पुढे जातं, जेवणाच्या ताटाएवढं. आयुष्य वीस-तीस वर्षांचं, कधी त्याहून जास्त. कवचाच्या दर इंचाला साधारण ४० लिटर पाणी हा हिशेब धरला, तर मोठ्या कासवाला चार फुटांची टाकीही बेताचीच पडते. लिटरमागे एक किलो वजन होतं, म्हणून टाकीखालचा स्टँड लोखंडी हवा, टीपॉय नाही. पाणी कवचाच्या लांबीच्या दुप्पट तरी खोल ठेवावं. हे पोहणारं कासव आहे, घोटाभर पाण्यात ते नुसतं सरपटतं.

कासव माशापेक्षा कितीतरी जास्त घाण करतं. माशांच्या टाकीसाठी सांगितलेल्या फिल्टरच्या दुप्पट ताकदीचा फिल्टर घ्यावा, बाहेर ठेवायचा कॅनिस्टर मिळाला तर बरं. त्यातल्या स्पंजमध्ये विष्ठेतल्या अमोनियाचा निचरा करणारे जीवाणू वस्ती करतात. स्पंज नळाखाली खळखळून धुतला की पाण्यातल्या क्लोरिनने ती वस्ती मरते. टाकीतलंच पाणी बादलीत काढावं आणि त्यात तो पिळावा. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. पाणी २४ ते २६ अंशांवर असावं. मुंबईत हीटर क्वचित लागतो, पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात लागतोच. त्याला प्लॅस्टिकची जाळी हवी, कासव धडक देऊन काच फोडतं. तळाशी रंगीत खडी नको. कासव खडे गिळतं आणि ते आतड्यात अडकतात.

टाकीला हात लावला की हात साबणाने धुवावेत आणि कासवाची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये न्यायचीच नाहीत. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जीवाणू असतो. लहान मुलांना होणाऱ्या संसर्गामुळेच अमेरिकेत १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवं विकण्यावर बंदी आली.

एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. कासव मोठं झालं, वास येऊ लागला, की लोक रात्री जाऊन ते तळ्यात सोडून येतात. पुण्य वाटतं त्यांना ते. पण जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत हे कासव आहे. ते इथल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावतं. आणि इथली कासवं, मग पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार असो वा विहिरीत सापडलेलं, घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

म्हणून दुकानात जाण्याआधी कासव झेपेनासं झालेलं एखादं घर शोधा. टाकी भरून, फिल्टर आणि दिवे चालवून महिनाभर आधी मांडून ठेवा. परदेशी निघालेल्या शेजाऱ्यांकडून आमच्याकडे दुसरं कासव आलं, ते असंच. आठ वर्षं ते टबात होतं, ओटा त्याने कधी पाहिला नव्हता. पहिले चार दिवस दिव्याखाली फिरकलंच नाही. पाचव्या दिवशी दुपारी बघते, तर वर चढून बसलेलं, मान ताणलेली, डोळे मिटलेले आणि मागचे दोन्ही पाय बोटं फाकवून सरळ मागे पसरलेले. मी पंखा बंद केला आणि दार हळूच ओढून घेतलं.