मूत्रातील सूक्ष्म धातू आणि आपला मत्स्याहारी किनारा

योगरत्नाकरातील अष्टविध परीक्षेत नाडीनंतर लगेच मूत्राचा क्रम येतो. तैलबिंदू परीक्षाही आपणा सर्वांस परिचित आहे. आज त्याच मूत्रातील आर्सेनिक, पारा, कॅडमियम यांचे अंश लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या हिशेबात मोजले जातात. २००४ मध्ये 'जामा' या अमेरिकन नियतकालिकाने बोस्टन परिसरातील दुकानांत मिळालेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध केले. तेव्हापासून असा अहवाल हाती पडला की संशयाची सुई प्रथम रसौषधांकडे वळते.

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर मात्र या अहवालाचा अर्थ जपून लावावा लागतो. कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या व मासे यांत आर्सेनोबीटेन हे सेंद्रिय संयुग असते. ते जवळजवळ निर्विष असून दोन-तीन दिवसांत जसेच्या तसे मूत्रावाटे बाहेर पडते. पण तेवढ्या काळात 'एकूण आर्सेनिक' कैक पटींनी वाढलेले दिसते. म्हणून नमुना देण्यापूर्वी किमान तीन ते पाच दिवस मत्स्याहार वर्ज्य करावा; शक्य असल्यास असेंद्रिय आर्सेनिक व त्याचे चयापचयजन्य अंश वेगळे मोजून घ्यावेत. श्रावण पाळणाऱ्या घरी हे पथ्य आपोआप साधते.

पाऱ्याचे गणित नेमके उलट आहे. मोरी, सुरमई यांसारख्या मोठ्या माशांतील मिथाइल पारा मुख्यतः मलावाटे जातो. तो रक्तात वा केसांत तपासावा लागतो. मूत्रात दिसतो तो प्रामुख्याने असेंद्रिय पारा. तो वाढलेला असता माशांकडे बोट दाखवून आपली सुटका होणार नाही. दातांतील अमलगम, रुग्णाचा व्यवसाय आणि आपण दिलेला रसकल्प या तिन्हींची चौकशी झालीच पाहिजे. शिशासाठी मात्र रक्ततपासणीच ग्राह्य मानावी.

उन्हाळ्यात घामामुळे मूत्र घट्ट होते, भरपूर पाणी प्यायल्यास पातळ. यास्तव धातूचे प्रमाण क्रिएटिनिनच्या तुलनेत मागावे आणि नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या स्वच्छ बाटलीतच घ्यावा. धातू बाहेर काढणारे औषध आधी देऊन घेतलेल्या नमुन्याची नेहमीच्या मर्यादांशी तुलना करणे अशास्त्रीय होय.

औषधविक्रेत्या बंधूंचीही जबाबदारी थोडी नाही. निर्यातीच्या निव्वळ वनस्पतिज औषधांची जड धातूंसाठी तपासणी १ जानेवारी २००६ पासून बंधनकारक झाली. हरताळ, मनःशिला, पारद इत्यादी अनुसूची ई-१ मधील द्रव्यांच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असते. ती ग्राहकास वाचून दाखवावी आणि बिलावर बॅच क्रमांक लिहावा. वैद्यांनी रुग्णपत्रिकेत कल्पाचे नाव, मात्रा, कालावधी आणि शेवटच्या मत्स्याहाराचा दिवस नोंदवावा. एवढी नोंद असेल तर निष्कारण दोषारोप टळेल. आणि दोष खरोखर औषधाचा असल्यास रुग्ण वेळीच वाचेल. आमच्या मते दुसरा लाभ पहिल्याहून मोठा आहे.