वीज दिली की वाकते, वाकवली की वीज देते: ब्रेल डिस्प्लेच्या पोटातली पट्टी

ही ओळ तुम्ही डोळ्यांनी वाचताय. दृष्टिहीन माणसाला हीच ओळ बोटांनी वाचायची असेल तर ब्रेल डिस्प्ले लागतो. कॉम्प्युटरला किंवा मोबाइलला जोडलेलं कीबोर्डसारखं एक यंत्र. त्यावर बारीक ठिपके वर येतात, बोट फिरवून ओळ वाचली की बसतात आणि पुढच्या ओळीचे ठिपके उभे राहतात.

हे ठिपके उचलतं कोण? एवढ्याशा जागेत शेकडो मोटरी बसवणं अशक्य. म्हणून बहुतेक डिस्प्लेमध्ये प्रत्येक ठिपक्याखाली सिरॅमिकची एक पातळ पट्टी असते. तिला वीज मिळाली की ती वाकते आणि ठिपका वर ढकलते.

यामागचं तत्त्व जुनं आहे. 1880 साली पॅरिसमध्ये जॅक आणि पिएर क्युरी या भावांना दिसलं की क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो. (यातले पिएर म्हणजे पुढे मेरी क्युरींचे पती झाले ते.) उलटंही घडलं पाहिजे, म्हणजे वीज दिली की स्फटिकाचा आकार बदलला पाहिजे, हे गॅब्रिएल लिपमन यांनी 1881 मध्ये गणिताने सांगितलं आणि क्युरी बंधूंनी ते लगेच प्रयोगाने दाखवलं. याला म्हणतात पिझोइलेक्ट्रिक परिणाम. आज त्यासाठी शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम असलेलं पीझेडटी हे सिरॅमिक सर्वाधिक वापरतात.

अडचण अशी की आकार बदलतो तो अगदीच किंचित. 30 मिलिमीटर लांब आणि पाव मिलिमीटर जाड पीझेडटी पट्टीला 60 व्होल्ट दिले तर ती जेमतेम दीड मायक्रोमीटर ताणते. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. एवढ्याने ठिपका हलणारही नाही.

इथे इस्त्रीच्या थर्मोस्टॅटची युक्ती कामी येते. त्यात दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. तापल्यावर एक जास्त फुगते, दुसरी कमी, त्यामुळे जोडी वाकते. तशाच दोन पीझेडटी पट्ट्या चिकटवायच्या आणि वीज अशी द्यायची की वरची आखडेल, खालची ताणेल. सरळ राहणं शक्यच नसतं, जोडी वाकते. एक टोक घट्ट धरलं, दुसरं मोकळं सोडलं की झाला कॅंटिलिव्हर, घराच्या सज्जासारखा. वरच्याच मापाच्या दोन पट्ट्या जोडल्या तर तेवढ्याच व्होल्टला मोकळं टोक साधारण 0.13 मिलिमीटर हलतं. जवळपास नव्वदपट!

लांबी दुप्पट केली तर हालचाल चौपट होते, पण टोकाचा जोर निम्मा होतो. ब्रेलमध्ये ठिपका पुरेसा वर यायला हवा आणि बोटाच्या दाबाने बसायलाही नको, म्हणून व्होल्टेज 200 च्या आसपास न्यावं लागतं. तरी विजेचा खर्च थोडाच. पट्टी कपॅसिटरसारखी वागते, एकदा वाकली की तशीच धरून ठेवायला फारसा विद्युतप्रवाह लागत नाही.

हीच पट्टी उलट वापरली की सेन्सर. शाळेत बाकाच्या कडेवर फुटपट्टी दाबून टर्र्र वाजवली असेलच. पिझोची पट्टी तशी वाकवली तर एक थर ताणतो, दुसरा दबतो, आणि त्या कंपनाबरोबर वरखाली होणारं व्होल्टेज मिळतं. जुन्या रेकॉर्ड प्लेअरच्या क्रिस्टल पिकअपमध्ये हेच चालायचं. सुई रेकॉर्डच्या खाचेतून थरथरत जायची, पट्टी वाकायची, गाणं विजेत उतरायचं. त्यातला रोशेल सॉल्टचा स्फटिक मात्र दमट हवेत बिघडायचा.

या सेन्सरची एक मर्यादा मोठी. तो बदल टिपतो, स्थिर वजन नाही. पट्टी वाकवून तशीच धरली तर तयार झालेला भार हळूहळू झिरपून जातो आणि आकडा शून्याकडे येतो. किराणा दुकानातल्या वजनकाट्यात तो चालणार नाही, यंत्राची थरथर मोजायला मात्र उत्तम.

'पावलांच्या दाबावर शहर उजळणार' असे व्हिडिओ फिरतात, त्यांचं मूळही याच परिणामात आहे. पण अशा छोट्या कंप पावणाऱ्या पट्टीतून साधारण मायक्रोवॉट ते मिलिवॉट एवढीच वीज मिळते. एखादा दूरचा सेन्सर त्यावर चालेल, रस्त्यावरचा दिवा नाही.

आता पुन्हा ब्रेलकडे. एका अक्षराला सहसा आठ ठिपके, म्हणजे चाळीस अक्षरांच्या ओळीला 320 पट्ट्या. प्रत्येक ठिसूळ, प्रत्येक नीट बसवावी लागते. म्हणूनच असा डिस्प्ले लाखांच्या घरात जातो आणि बहुतेक दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेर राहतो. आयआयटी दिल्लीत तयार झालेल्या डॉटबुकने पिझोऐवजी तापल्यावर मूळ आकारात येणाऱ्या मिश्रधातूचा मार्ग निवडला, तो किंमत खाली आणण्यासाठीच.