रात्रीचे छायाचित्र आणि पुराव्याची मर्यादा

प्रस्तुत पाठात एका मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. रात्री टिपलेल्या घुबडाच्या छायाचित्रावर नंतर संगणकात जे संस्कार केले जातात, ते कोठपर्यंत केले असता ते छायाचित्र नोंद म्हणून विश्वसनीय राहते? मराठीच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. जुन्या पोथीची संहिता सिद्ध करताना संपादक लेखनिकाचे हस्तदोष दूर करतो. परंतु जेथे पान कसरीने खाल्ले आहे तेथे तो स्वतःची ओळ रचून घालीत नाही. रिकामी जागा रिकामी म्हणूनच दाखवितो. छायाचित्राच्या बाबतीत ही रिकामी जागा कोठे असते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

उदाहरणासाठी अकोले तालुक्यातील राजूर हे गाव घेऊ. भंडारदऱ्याच्या वाटेवरील या बाजारपेठेच्या पश्चिमेस कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य पसरले आहे. त्याची स्थापना १९८६ सालची. अशा परिसरात अंधार पडू लागला की आंब्याच्या ढोलीतून पिंगळा बाहेर येतो. ‘पिंगळा’ हा शब्द मराठीत दुहेरी आहे. पहाटेच्या अंधारात दारी येऊन भविष्य सांगणारा भिक्षेकरीही पिंगळाच, आणि त्याला या पक्ष्याची भाषा कळते अशी समजूत आहे. मूळ संस्कृत ‘पिंगल’ हा शब्द तांबूस-पिवळसर रंग दर्शवितो. रंगाचा हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

आता छायाचित्र घेणाऱ्याची अडचण पाहू. भर उन्हात सेकंदाचा हजारावा भाग पुरेसा होतो. तिन्हीसांजेनंतर पंधरावा भागही अपुरा पडतो. कॅमेऱ्यावर आयएसओ वाढविला की चित्र उजळते, म्हणून आयएसओ वाढविणे म्हणजे प्रकाश वाढविणे असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. आयएसओ वाढविल्याने आलेल्या संकेताचे वर्धन होते. प्रकाश जेवढा आला तेवढाच राहतो. प्रकाश कणांच्या रूपाने येतो आणि हे कण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. चित्राच्या एका बिंदूवर सरासरी १०,००० कण पडत असतील, तर त्यात साधारण १०० कणांचा, म्हणजे १ टक्क्याचा चढउतार असतो. तेथे १०० कणच पडले, तर चढउतार १० कणांचा, म्हणजे १० टक्क्यांचा होतो. अंधारातील चित्रावर जो रवाळपणा दिसतो, त्याचे मोठे कारण हे आहे. चांगला कॅमेरा घेऊन तो कमी होतो, नाहीसा होत नाही. कारण तो दोष यंत्राचा नसून प्रकाशाच्या तुटवड्याचा आहे.

रवाळपणा घालविण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांची जात अगदी भिन्न आहे. पहिला मार्ग अधिक प्रकाश गोळा करण्याचा. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर करावा, पक्षी निश्चल बसला असता एकामागून एक १६ चित्रे घ्यावीत आणि नंतर त्यांची सरासरी काढावी. अनियमित चढउतार परस्परांना छेद देतात आणि रवाळपणा एकचतुर्थांशावर येतो. येथे नवे काही घातले गेले नाही. एकच साक्ष सोळा वेळा ऐकून घेतली, इतकेच. घुबडाने मध्येच मान वळविली, तर तेवढी चित्रे बाजूला ठेवावी लागतात.

दुसरा मार्ग अंदाजाचा. संगणकातील आज्ञावली शेजारचे बिंदू पाहून रवाळ भाग गुळगुळीत करते. अलीकडील कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधने याच्याही पुढे जातात. असंख्य चित्रांवरून पिसे कशी असतात हे ती शिकलेली असतात आणि जेथे नोंदच नाही तेथे संभाव्य पिसे काढून देतात. चित्र देखणे होते. परंतु ती पिसे त्या पक्ष्याची असतीलच असे नाही. कसरीने खाल्लेल्या जागी नवी ओळ रचली जाते, ती येथे.

यातून बिघडते काय? याचे उत्तर महाराष्ट्रातीलच आहे. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. त्याच्याशी दिसण्यात जवळीक असणाऱ्या रानपिंगळ्याच्या माथ्यावर ते अत्यंत पुसट असतात. पाठही जवळजवळ बिनठिपक्यांची असते. पंख आणि शेपटी यांवर रुंद पट्टे असतात. आता संधिप्रकाशात घेतलेले पिंगळ्याचे रवाळ चित्र कल्पनेत आणा. माथ्यावरचे बारीक ठिपके आणि रवाळपणा यांत आज्ञावलीला भेद करता येत नाही. ती दोन्ही पुसते. उरतो तो बिनठिपक्यांच्या माथ्याचा पक्षी, म्हणजे कागदावरचा रानपिंगळा! रानपिंगळा मुख्यतः दिवसा वावरणारा आहे, ही गोष्ट जाणकाराला सावध करील. पण प्रत्येक पाहणारा जाणकार नसतो. शिवाय हा पक्षी २०१४ साली घाटाखालच्या तानसा अभयारण्यात आढळल्यामुळे घाटमाथ्यावरून आलेला असा दावा कोणी हसण्यावारी नेणार नाही. म्हणूनच पुरावा शुद्ध हवा.

रानपिंगळ्याच्या इतिहासात अशी फसगत एकदा घडलेली आहे, आणि तीही छायाचित्राने नव्हे. ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. जगभरच्या संग्रहालयांत तिचे अवघे सात नमुने होते आणि अखेरचा खरा नमुना १८८४ सालचा होता. मात्र रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षिसंग्राहकाच्या नमुन्यावर १९१४ हे साल आणि गुजरातेतील मांडवी हे ठिकाण लिहिलेले होते. पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी यांनी तपास केला, तेव्हा उघड झाले ते असे : हा नमुना मुळात खानदेशात पक्षी गोळा करणाऱ्या जेम्स डेव्हिडसन यांचा होता, तो संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी नोंदचिठ्ठी लावलेली होती. ‘नव्याने भरून’ हे शब्द लक्षात घ्यावेत. त्या काळातील तेही एक संस्करणच होते. चिठ्ठी खोटी ठरताच मांडवी शोधाच्या नकाशावरून पुसली गेली आणि डेव्हिडसन यांच्या जुन्या ठिकाणांना महत्त्व आले. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनंतर! त्यांनी त्याचे चित्रीकरण केले आणि छायाचित्रे घेतली. त्या चित्रांत माथा, पंख व पोट नीट तपासता येत होते, म्हणून शंकेला जागा उरली नाही.

रंगाविषयी थोडे सांगावयाचे ते असे. विजेरीचा प्रकाश निळसर असतो, जुन्या दिव्याचा पिवळा. संगणकात शुभ्रतेचा समतोल साधताना आपण कोणता प्रकाश गृहीत धरतो, यावर पिसांचा रंग ठरतो. स्कॉप्स जातीच्या छोट्या घुबडांत करडे आणि तांबूस असे दोन्ही रंगांचे पक्षी असतात. तेथे समतोल जरा उष्ण बाजूस झुकला, की करड्याचा पिंगल व्हावयास वेळ लागत नाही. त्यामुळे मूळ ‘रॉ’ फाइल कधीही खोडू नये. तीच आपली मूळ पोथी. उजळपणा, कातरणी, रंगसमतोल हे सारे प्रतीवर करावे.

चांगल्या चित्रासाठी पक्ष्याजवळ जाणे हा मोह मोठा असतो. काजव्यांच्या दिवसांत भंडारदरा परिसरात विजेऱ्या व फ्लॅश यांवर निर्बंध असतात, हे राजूरच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच. घुबडाच्या बाबतीतही तोच विवेक हवा. अंधाराला सरावलेल्या माणसाच्या डोळ्यांवर झोत पडला, तर दृष्टी पूर्ववत व्हावयास वीस-तीस मिनिटे लागतात; ज्याचे पोट अंधारातील शिकारीवर आहे, त्याच्या डोळ्यांवर झोत मारण्याआधी एवढे तरी आठवावे. ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला जवळ बोलाविणे मला त्याहून गैर वाटते. ती त्याच्या हद्दीत खोटा शत्रू उभा करण्यासारखी गोष्ट आहे. विणीच्या ढोलीशी चाळा तर कायद्यानेच वर्ज्य आहे : वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ यातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या घरट्याला उपद्रव देणेही येते. शब्दाची व्यवहारातील व्याप्ती आणि कायद्यातील व्याप्ती यांतील हे अंतर अर्थविचाराच्या अभ्यासकाने टिपून ठेवावे. अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवानगी लागते, ती वेगळी.

शेवटी चित्राखालची ओळ. तारीख, वेळ, प्रकाशाचा उगम, किती चित्रांची सरासरी आणि कोणते संस्कार केले, हे तीत असावे. ठिकाण मात्र ‘राजूर परिसर, तालुका अकोले’ एवढेच पुरे. जादूटोण्यासाठी, विशेषतः दिवाळीच्या अमावास्येच्या सुमारास, घुबडांची मागणी अजूनही असते. म्हणून झाड ओळखू येईल असा तपशील प्रसिद्ध करू नये, आणि फाइलमध्ये कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने आपोआप नोंदविलेले अक्षांश-रेखांश प्रसिद्धीच्या प्रतीतून काढून टाकावेत. मूळ नोंद अभ्यासकाला दाखविण्यासाठी आपल्यापाशी राहतेच.

स्वाध्याय : आपल्या गावातील कोणत्याही पक्ष्याचे संधिप्रकाशात एक छायाचित्र घ्या. मूळ व संस्कारित प्रत शेजारी ठेवून, कोणता तपशील पुसला गेला आणि कोणता नव्याने आला, याचे टिपण सुमारे १५० शब्दांत लिहा.