टर्बोचा ‘ताप’ उतरवायचा कसा?

कुठल्याही नेत्याच्या ताफ्यात हमखास दिसणारी जुनी फॉर्च्युनर आठवा. ३.० लिटर डिझेलवाली. तिच्या बॉनेटवर मधोमध एक मोठी नाकपुडी असते. आपल्यातल्या निम्म्या लोकांना ती ‘दादागिरीची स्टाइल’ वाटते. प्रत्यक्षात त्या नाकपुडीखाली इंटरकूलर नावाचा एक जाळीदार डबा असतो आणि गाडी पळताना त्याला वारा मिळावा म्हणून कंपनीने बॉनेटला ते भोक ठेवलंय. म्हणजे रुबाब हा बोनस, मूळ मुद्दा गारव्याचा!

हे आज सांगायचं कारण म्हणजे आपल्या पिढीत वाढलेलं टर्बोचं वेड. पूर्वी टर्बो म्हटलं की डिझेल गाडी डोळ्यांसमोर यायची. आता छोट्या पेट्रोल हॅचबॅकलाही टर्बो असतो. मग कॉलेजच्या पार्किंगमध्ये चर्चा सुरू होते. कोणी ‘रीमॅप’ करून पॉवर वाढवतो, कोणी मोठा टर्बो टाकायची स्वप्नं बघतो. पॉवर किती वाढली हे सगळे सांगतात, पण त्याबरोबर वाढलेली उष्णता कुठून बाहेर काढली हे क्वचितच कोणी सांगतं. आणि एप्रिल-मेच्या उन्हात, एसी लावून खंबाटकी घाट चढताना नेमका तोच प्रश्न बॉनेटखालून वाफेच्या रूपात बाहेर येतो.

पंप मारताना हात का पोळतो?

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, हे आपण लहानपणीच अनुभवलेलं असतं. हवा दाबली की तापते. टर्बो तेच काम करतो, फक्त प्रचंड वेगाने. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पातं फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं पातं बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, त्यासोबत जास्त इंधन, म्हणून जास्त ताकद. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने या कल्पनेचं पेटंट १९०५ मध्येच घेतलं होतं.

आता जरा हिशोब करू. बाहेर ३५ अंश तापमान आहे आणि टर्बो हवेचा दाब दुप्पट करतोय. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर त्यातून निघणारी हवा साधारण १३० अंशांवर पोहोचते. उकळत्या पाण्यापेक्षा गरम! गरम हवा विरळ असते, त्यामुळे दाबून आणल्याचा फायदा बराचसा वाया जातो. शिवाय पेट्रोल इंजिनात अशी हवा गेली की मिश्रण ठिणगी पडून नीट जळण्याऐवजी भलत्या वेळी आपोआप पेट घेतं. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. हे वाढलं की पिस्टनला भोक पडेपर्यंत मजल जाते. गाडीचा ईसीयू हुशार असेल तर तो इग्निशनची वेळ मागे घेऊन इंजिन वाचवतो, पण मग पॉवरही कमी करतो.

मध्ये ७० टक्के प्रभावी इंटरकूलर बसवला तर तीच हवा सुमारे ६५ अंशांवर येते. त्याच दाबाला तिची घनता जवळजवळ २० टक्क्यांनी वाढते. म्हणजे टर्बोला हातही न लावता इंजिनाला पाचवा हिस्सा जास्त हवा मिळाली. आहे की नाही भारी?

एका बाकावर चौथी सीट

मग मोठा इंटरकूलर आणला, बंपरमागे अडकवला, काम झालं? इथेच खरी गोची आहे.

गाडीच्या तोंडाशी आधीच गर्दी असते. पुढे एसीचा कंडेन्सर, त्याच्यामागे रेडिएटर, त्याला चिकटून पंखा. त्यात इंटरकूलर सगळ्यांच्या पुढे येऊन बसतो. लोकलमधल्या तिघांच्या बाकावर चौथी सीट मागणाऱ्यासारखा. बसतो, पण बाकीच्यांना आवळून. पुढच्याने गरम केलेली हवाच मागच्याला मिळते आणि प्रत्येक जाळी वाऱ्याला थोडी थोडी अडवते. परिणाम असा, की इंजिनात जाणारी हवा मस्त गार आणि कूलंट मात्र उकळायच्या बेतात.

रेडिएटरचं काम किती मोठं आहे याचा अंदाज घ्या. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली कूलंटच्या वाट्याला येते. १३४ बीएचपी म्हणजे १०० किलोवॉट. पूर्ण ताकदीवर त्याच्या निम्मीच उष्णता कूलंटमध्ये जाते असं धरलं, तरी ५० किलोवॉट झाले. घरातला २ किलोवॉटचा गिझर घ्या आणि असे २५ गिझर एकदम चालू आहेत अशी कल्पना करा. शहरात आपण इतकी ताकद सलग वापरतच नाही, म्हणून ‘माझी तर कधी तापली नाही’ असं म्हणता येतं. घाटात किंवा ट्रॅकवर मात्र गाडीचं पितळ उघडं पडतं.

मांडणीचे चार रस्ते

कस्टम लेआउट म्हणजे या जागेच्या भांडणावर तोडगा. त्याचे मुख्य चार प्रकार आहेत.

पहिला फ्रंट माउंट. इंटरकूलर सरळ पुढे. वारा भरपूर मिळतो, म्हणून सर्वांत लोकप्रिय. मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशनची ही ओळखच. तोटा वर सांगितलेला, आणि पाइप लांब झाले तर पॅडल दाबल्यावर दाब तयार व्हायला किंचित उशीर.

दुसरा टॉप माउंट. इंटरकूलर थेट इंजिनावर आणि बॉनेटला नाकपुडी. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स आणि आपली फॉर्च्युनर याच घराण्यातल्या. पाइप अगदी छोटे, रेडिएटरला अडथळा नाही. पण सिग्नलला थांबलात की खालून इंजिन त्याला शेकून काढतं.

तिसरा व्ही माउंट. माझदा आरएक्स-७च्या शौकिनांमध्ये हा प्रकार खूप गाजला. रेडिएटर आणि इंटरकूलर आडवे-तिरके करून इंग्रजी ‘व्ही’सारखे ठेवायचे. समोरून आलेला वारा दोघांत विभागला जातो, कोणालाच दुसऱ्याची उष्टी हवा मिळत नाही. दिसायला जबरदस्त, करायला किचकट. बॉनेटला हवा बाहेर जायला वाट करावी लागते आणि एसीचा कंडेन्सर कुठे ठेवायचा हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे एसी काढणं म्हणजे घरच्यांनी गाडीत बसणंच बंद करणं!

चौथा पाण्यावर चालणारा इंटरकूलर. फोक्सवॅगनच्या १.० टीएसआय इंजिनात तो थेट इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला असतो. दाबलेली हवा पाण्याला उष्णता देते आणि ते पाणी पुढच्या एका छोट्या रेडिएटरमध्ये गार होतं. त्यामुळे अशा गाडीत नुसता बाहेरून मोठा इंटरकूलर लटकवण्याआधी कंपनीची मूळ रचना समजून घ्यायला हवी.

आधी पुठ्ठा, मग पत्रा

चांगलं काम करणारे फॅब्रिकेटर वेल्डिंगने सुरुवात करत नाहीत, ते पुठ्ठ्याने करतात. रेडिएटर आणि इंटरकूलरच्या मापाचे पुठ्ठ्याचे डबे करून ते जागेवर ठेवून बघायचे. बॉनेट बंद होतंय का? स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर पाइपला घासतोय का? पंख्याला जागा उरतेय का? ही उत्तरं पुठ्ठ्यावर फुकट मिळतात, ॲल्युमिनियमवर महाग पडतात.

पुढचा मुद्दा वाऱ्याचा. वारा आपल्यासारखाच आळशी, सोपी वाट दिसली की तिकडे वळतो. रेडिएटरच्या कडेला दोन बोटांची फट राहिली तर तो जाळीतून जायचे कष्ट घेतच नाही. म्हणून ग्रिलपासून जाळीपर्यंत पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे आडोसे करायचे, फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवायच्या. पंख्याभोवतीचं कव्हर काढून टाकायची चूक तर करूच नका. त्याच्यामुळेच पंखा पूर्ण जाळीतून हवा ओढतो. आणि हवा आत येण्याइतकंच तिचं बाहेर जाणंही महत्त्वाचं. बॉनेटखाली हवा कोंडली तर पुढचं तोंड कितीही मोठं करा, उपयोग शून्य.

मग पाइप. वळणं जितकी कमी तितकी चांगली. ॲल्युमिनियमच्या पाइपांना आर्गन वेल्डिंग लागतं. टोकाला गोल उंचवटा काढून घ्यायचा, नाहीतर दाब वाढला की सिलिकॉनचा होज ‘फट्’ करून निसटतो. इंजिन रबरी माउंटवर हलत असतं, म्हणून सगळे पाइप ताठ जोडून चालत नाही. मधले होज ती हालचाल झेलतात. रेडिएटरही बॉडीला थेट बोल्टने आवळायचा नाही, रबराच्या बुशवर बसवायचा. नाहीतर आपल्या रस्त्यांवरचे खड्डे त्याचे सांधे उकलतात.

शेवटी दोन परीक्षा. हवेच्या पाइपांत कॉम्प्रेसरने बेताचा दाब देऊन सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले तर गळती. अगदी पंक्चरवाल्या काकांची पद्धत! आणि कूलंट भरताना आतली हवा पूर्ण बाहेर काढायची. रेडिएटरची जागा बदलली की हवा अडकण्याच्या जागाही बदलतात. हवेचा एक फुगा सिलिंडर हेडमध्ये अडकला तर नवाकोरा रेडिएटर असूनही हेड गॅस्केट जाऊ शकतं.

काही गोड गैरसमज

‘थर्मोस्टॅट काढून टाक, गाडी गार राहते’ हा सल्ला अजूनही मिळतो. थर्मोस्टॅट काढल्याने रेडिएटरची क्षमता वाढत नाही. उलट इंजिन गरम व्हायला वेळ लागतो आणि पेट्रोल जास्त जातं.

‘नुसतं पाणी टाकलं तरी चालतं’ हा दुसरा. उष्णता वाहून नेण्यात पाणी उत्तमच आहे, पण ॲल्युमिनियमला गंजण्यापासून वाचवणारी रसायनं कूलंटमध्ये असतात. रेडिएटरच्या झाकणालाही हलक्यात घेऊ नका. ते १.१ बारचा दाब धरून ठेवतं तेव्हा साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२०च्या पुढे उकळतं. स्वस्तातलं ढिलं झाकण सगळ्या खर्चावर पाणी फिरवतं, शब्दशः!

कायद्याचा ब्रेक

आता नावडता विषय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवर नोंदलेला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असे बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. न सांगता केलेल्या बदलांवरून वॉरंटी आणि विम्याचा दावा अडकू शकतो, ते वेगळंच.

दंडापेक्षाही गंभीर गोष्ट बंपरच्या आत असते. तिथला आडवा बीम धडकेचा पहिला मार झेलतो. मोठा इंटरकूलर मावत नाही म्हणून तो कापला जातो, आणि बाहेरून बंपर लावला की कोणाला पत्ताही लागत नाही. दोन अंश गारव्यासाठी आपण पुढच्या सीटवरच्या माणसाची ढाल काढून ठेवलेली असते. इंटरकूलर बीमच्या मापाने निवडा, बीम इंटरकूलरच्या मापाने नको.

हौस मनसोक्त भागवायची तर वाट आहे. इंजिनीअरिंगवाल्यांसाठी कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा होते. तिथे गाडीचं डिझाइन तुम्हीच करता आणि रेडिएटर इथेच का, इतकाच मोठा का, याची उत्तरं परीक्षकांना देता.

आणि गाडी तापली म्हणून लाजायचं कारण नाही. १९७७ मध्ये रेनोने फॉर्म्युला वनमध्ये पहिली टर्बो गाडी आणली तेव्हा ती इतक्यांदा धुराचे लोट सोडत बंद पडायची, की तिला ‘पिवळी किटली’ असं चिडवायचे. दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, रेनोच्या टर्बोने फ्रेंच ग्रांप्री जिंकली. आपल्याकडे त्यांच्यासारखं बजेट नाही, त्यामुळे आपला क्रम साधा ठेवू. आधी तापमान मोजा, मग गारव्याची सोय करा आणि पॉवरचं नाव त्यानंतर काढा.

घाटात काटा वर गेला तर...

• एसी लगेच बंद करा, हीटर फुल्ल करा. उकडेल, पण इंजिनाची थोडी उष्णता बाहेर जाईल.
• सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या. वाफ दिसली तर इंजिन बंद.
• रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. दाबाखालचं उकळतं कूलंट चेहऱ्यावर उडतं.
• पूर्ण गार झाल्यावरच कूलंट भरा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.