चौघांची येझदी, एकट्याची सीट

दसऱ्याच्या सकाळी डोंबिवली-कल्याणच्या जुन्या सोसायट्यांमध्ये एक गंमत दिसते. चालत्या गाड्या धुऊनपुसून पूजेला उभ्या असतातच; पण जिन्याखालून, मीटरबॉक्सच्या शेजारून, फाटक्या ताडपत्रीखालून एखादी वर्षानुवर्षं न हललेली मोटरसायकलही ओढून बाहेर काढली जाते. टायर बसलेले, टाकीवर बोटभर धूळ. तिलाही कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, नारळाचं पाणी. मग ताडपत्री परत. ही गाडी चालवायची नसते आणि विकायचीही नसते. भंगारवाल्यानं नुसतं विचारलं तरी घरातलं कुणीतरी चिडतं.

येझदी, राजदूत, बुलेट किंवा यामाहा आरएक्स 100 यांपैकी ती एक असते. एकेकाळी तिच्यावर अख्खं घर बसायचं. टाकीवर थोरला, मध्ये धाकटा, मागे एका बाजूला पाय सोडून आई, आणि रविवारी टिटवाळ्याचा गणपती. 1996 हे साल यांतल्या दोघींना वाईट गेलं. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना त्या वर्षी बंद पडला आणि आरएक्स 100 चं उत्पादनही त्याच वर्षी थांबलं. पुढे पार्ट मिळेनासे झाले, मेस्त्री म्हातारे झाले, घरात गिअर नसलेली स्कूटर आली. कल्याण-बदलापूर पट्ट्यातल्या कित्येक गाड्यांच्या इंजिनात तर 26 जुलै 2005 च्या पुराचं पाणी शिरलं, ते शिरलंच.

आता नातू ती गाडी काढतो आणि म्हणतो, हिची कॅफे रेसर करू.

हा प्रकार मूळचा 1950-60 च्या दशकातल्या इंग्लंडचा. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर 1938 मध्ये सुरू झालेलं एस कॅफे हा त्याचा अड्डा. पोरं तिथं चहा-कॉफी प्यायची आणि ताशी शंभर मैलांचा, म्हणजे साधारण 160 किलोमीटरचा आकडा गाठायला रस्त्यावर सुटायची. वजन कमी व्हावं म्हणून गाडीवरचं अनावश्यक सगळं उतरवायचं, वारा कापता यावा म्हणून हँडल खाली, पाय मागे, आणि अंग टाकीवर ओणवं. नॉर्टनच्या चेसिसमध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवलेली ‘ट्रायटन’ ही त्या काळातली प्रसिद्ध खिचडी. पुढे रॉयल एनफिल्डनं 1960 च्या दशकातच 250 सीसीची कॉन्टिनेन्टल जीटी थेट कारखान्यातून याच थाटात आणली. आपल्याकडे पुण्याच्या बजाजनं 2016 मध्ये ‘विक्रांत’ युद्धनौकेचं पोलाद वापरून काढलेल्या व्ही15 लाही मागची सीट झाकणारं, काढता येणारं कव्हर होतं. दीडशे सीसीच्या ऑफिसला जायच्या गाडीवर कॅफे रेसरची टोपीच म्हणायची.

कॅफे आणि येझदी यांचं नातं मात्र आपल्याकडे जास्त जवळचं आहे. आयडियल जावा उभी केली ती इराणी कुटुंबानं, आणि ‘येझदी’ हे नाव आलं इराणमधल्या यझ्द शहरावरून. मुंबईत इराणी हॉटेलं थाटणारी कितीतरी कुटुंबं त्याच भागातून आलेली. ब्रून मस्का आणि येझदी एकाच गावच्या. लंडनच्या कॅफेचं कौतुक करताना हे विसरायला नको.

कामाला सुरुवात होते ती ग्राइंडरनं नव्हे, डिझेलनं. बरीच वर्षं उभ्या गाडीचा पिस्टन सिलिंडरला चिकटलेला असतो. जोर करून किक मारली की काहीतरी तुटतं. म्हणून प्लग काढून त्या भोकातून डिझेल-ऑइल ओतायचं, दोन-चार दिवस गप्प बसायचं आणि मग वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं हळूहळू पुढे-मागे हलवायचं. टाकीतला गंज काढायला आत साखळीचे तुकडे किंवा नट टाकून तास-तासभर हलवतात. बाहेर पडतं ते पाणी घट्ट चहाच्या रंगाचं. सिलिंडर झिजला असेल तर बोअरिंग करून पाव मिलिमीटर मोठा पिस्टन बसवायचा. येझदी आणि आरएक्स या टू-स्ट्रोक गाड्यांत आणखी एक छुपं दुखणं असतं: क्रँकची रबरी सील. ती वाळली की बाहेरची हवा आत ओढली जाते, पेट्रोल-ऑइलचं मिश्रण पातळ पडतं, आणि नवाकोरा पिस्टन पहिल्याच लांब फेरीत जाम होतो. रंगावर हजारो घालणारा हौशी माणूस नेमका या स्वस्त सीलवर पैसे वाचवतो.

लेथवाले, बफिंगवाले, पावडर कोटिंगवाले या भागात शोधावे लागत नाहीत. एमआयडीसीची सुरुवातच ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून झाली. डोंबिवलीची एमआयडीसीही त्याच सुरुवातीच्या काळातली. सीटसाठी उल्हासनगर आहेच.

खरी परीक्षा येझदीच्या डाव्या पायाशी होते. या गाडीची किक आणि गिअर एकाच दांड्याची. दांडा आत दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की गिअर. कॅफे रेसरला फूटरेस्ट मागे न्यायचे असतात, म्हणजे गिअरला लांबून जोडदांडी लावायला हवी. पण जोडदांडी लावली की किकसाठी तोच दांडा फिरणार कसा? प्रत्येक सिग्नलला गाडी बंद पडल्यावर पाना काढून जोड सोडवायचा? जाणता कारागीर म्हणूनच येझदीचे फूटरेस्ट जागच्या जागी ठेवतो आणि फक्त हँडल खाली घेतो.

सगळ्यात अवघड प्रश्न सीटचा. कॅफे रेसरची सीट एकट्याची, मागे छोटासा उंचवटा. ती बसवायला चेसिसचा मागचा भाग कापून वळवलेला पाइप वेल्ड करतात. ज्या जागेवर तीन माणसं बसायची तीच जागा ग्राइंडरखाली जाते. घरातली जुनी माणसं इथंच अडतात, आणि त्यांचं अडणं नुसतं भावनेचं नसतं. हँडल, मडगार्ड, सायलेन्सर बोल्टवर असतात. उतरवून माळ्यावर ठेवले तर उद्या परत बसवता येतात. कापलेली चेसिस परत येत नाही.

कायदाही त्यांच्याच बाजूनं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. 9 जानेवारी 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बरं, ‘व्हिंटेज’ म्हणून सुटावं तर तेही नाही. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा क्रमांक मिळतो, नोंदणीला 20,000 रुपये पडतात, पण चेसिस-इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही आणि अशी गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही.

या सगळ्याआधी आरसी बुक उघडून पाहिलेलं बरं. पुष्कळदा गाडी अजून आजोबांच्याच नावावर असते. मालक वारल्यावर वारसानं तीन महिन्यांत फॉर्म 31 भरायचा असतो, हे कुणाच्या गावीही नसतं. 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, त्यावर पर्यावरण कर, वर नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट. ठाण्याच्या एमएच 04 किंवा कल्याणच्या एमएच 05 कार्यालयात इंजिन-चेसिस क्रमांक पेन्सिलनं कागदावर उतरवून घेताना कळतं, की मागच्या रंगाऱ्यानं लांबी भरून क्रमांकच बुजवलाय.

एवढं सगळं करून गाडी चालवायची कुठं? ताशी 160 चं स्वप्न आणि कल्याण-शीळ रस्ता! क्लच दाबून दाबून डावा पंजा बधिर होतो, ओणव्या बैठकीनं मनगटं भरून येतात. म्हणून ही मंडळी पहाटे सहाच्या आत निघतात, मुरबाड मागे टाकतात, माळशेजच्या पायथ्याशी चहा घेतात आणि गर्दी व्हायच्या आत घरी परततात.

आणि दसऱ्याला गाडी पुन्हा खाली उभी राहते. या वेळी ताडपत्रीशिवाय, चकचकीत. आजी हार घेऊन येते आणि थबकते. उंच हँडल गेलेलं, आरसे टोकांना लटकलेले. हार घालायचा कुठं? शेवटी तो हेडलाइटला गुंडाळला जातो. मग ती सीटकडे बघते आणि विचारते, “मी बसू कुठं रे?”