खिशांतील जादूचा कंदील

२००७ सालीं आयफोन बाजारांत आला, तेव्हांपासून मोबाइलचें रूप जवळजवळ ठरून गेलें आहे. दरवर्षीं नवा नमुना निघतो, त्याचा कॅमेरा सरस असतो, चाल अधिक वेगवान असते. पण वस्तु तीच, कांचेची एक पाटी. याचें एक कारण उघड आहे. ज्या कांचेवर आपण पाहतों ती खिशापेक्षां मोठी होऊं शकत नाहीं. या अडचणींतून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे चित्र कांचेवर न दाखवितां समोरच्या भिंतीवर, टेबलावर किंवा तळहातावर पाडणें.

कल्पना मुळांत जुनी आहे. जादूच्या कंदिलांत दिवा, रंगविलेली कांच आणि भिंगें एवढेंच असे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें त्याचेच खेळ केले. आज रंगविलेल्या कांचेच्या जागीं जें आलें आहे, तें मात्र खरोखर अद्भुत आहे. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनींतील लॅरी हॉर्नबेक यांनीं १९८७ सालीं सूक्ष्म आरशांची चकती सिद्ध केली. नखाएवढ्या जागेंत लक्षावधि आरसे मावतात आणि प्रत्येक आरसा चित्राचा एकेक ठिपका होतो. आरसा एका बाजूस कलला कीं ठिपका उजळतो, दुसऱ्या बाजूस कलला कीं काळा पडतो. ही उघडझांप सेकंदांत हजारों वेळां चालते. जो आरसा उजळ बाजूस अधिक काळ राहील, त्याचा ठिपका अधिक तेजस्वी. तांबडा, हिरवा व निळा प्रकाश पाळीपाळीनें सोडला म्हणजे रंगांचें मिश्रण आपला डोळाच करतो.

२०१२ सालीं सॅमसंगनें बार्सिलोना येथें ‘गॅलक्सी बीम’ हा प्रोजेक्टर पोटांत बाळगणारा मोबाइल मांडला. भिंतीवर ५० इंचांचें चित्र, असा त्याचा डंका होता. प्रकाश मात्र १५ ल्यूमेन! साधी मेणबत्ती चहूंबाजूंना मिळून सुमारें १२ ल्यूमेन प्रकाश देते. तेवढा उजेड ५० इंचांवर पसरला कीं वाट्याला जेमतेम २२ लक्स येतात, आणि दिवे लावलेल्या दिवाणखान्यांत १०० लक्स तरी सहज असतात. चित्र दिसावें म्हणून अंधार करून बसावें लागे. अशा मोबाइलांची परंपरा पुढें फोफावली नाहीं, यांत नवल नाहीं.

माझ्या मतें येथें माप चुकलें. खिशांतल्या वस्तूकडून चित्रपटगृहाची अपेक्षा केली गेली. तोच प्रकाश १० इंचांच्या चित्रांत एकवटला, तर क्षेत्रफळ २५ वा हिस्सा होतें आणि उजेड २५ पट, म्हणजे ५०० लक्सांहून अधिक. वाचनाच्या टेबलाला याहून जास्त कशाला हवा?

हें लहान माप प्रणव मिस्त्री या संशोधकानें अमेरिकेंतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्यें आधींच निवडलें होतें. २००९ सालीं लोकांपुढें आलेल्या त्यांच्या ‘सिक्स्थ सेन्स’ या योजनेंत गळ्यांत अडकविलेला प्रोजेक्टर तळहातावर दूरध्वनीचे आंकडे पाडी आणि शेजारचा कॅमेरा बोटांची हालचाल ओळखी. म्हणजे पाहण्याची जागाच दाबण्याची कळ झाली. खरी नवलाई येथें आहे. बारीक अक्षरांशीं झगडणारे आजोबा आलेलें पत्र टेबलावर मोठें करून वाचूं शकतील. प्रवासाला निघालेलें कुटुंब एकाच नकाशाभोंवतीं बसूं शकेल. आज तेंच कुटुंब आपापल्या कांचेंत डोकें घालून बसलेलें असतें.

मात्र तळहात हा पडदा म्हणून फसवा आहे. ‘ह्यूमेन’ या अमेरिकन कंपनीनें २०२४ सालीं छातीवर लावण्याची एक टिकली विकावयास काढली. तिचा लेसर तळहातावर हिरवट अक्षरें उमटवी. उन्हांत तीं वाचतां येत नसत, हात हलला कीं अक्षरें हलत, आणि उपकरण तापे. फेब्रुवारी २०२५ मध्यें तिची सेवा बंद झाली. टेबलावर उभ्या ठेवलेल्या मोबाइलाला यांतील बराच जाच नाहीं. तो स्थिर राहतो, तारेनें वीज घेऊं शकतो, आणि त्याच्यापुढें पांढरा कागद अंथरला कीं पडदा तयार. उष्णता उरतेच, दिवा जितका लहान जागेंत कोंडावा तितकी ती बाहेर काढणें कठीण. पण १० इंचांपुरता उजेड हवा असेल, तर दिवाहि मेणबत्तीएवढाच पुरे.